सावलीत न उतरणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना लाइट मीटर आहे. तळहातात मावेन एवढाच. माझ्या कपाळावर मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार काच आहे. तिच्यावर उजेड पडला की माझा काटा हलतो, आणि कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवायची ते फोटो काढणाऱ्याला कळतं. मला सेल लागत नाही की चार्जिंग लागत नाही. उजेडावरच माझं सगळं चालतं.

परदेशातल्या एका कारखान्यातून मी कल्याणला आलो, त्र्यंबकराव नावाच्या स्टुडिओवाल्यांकडे. तीस वर्षं त्यांच्या गळ्यात होतो. "मीटर सांगेल ते खरं," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी फुलून जायचो. पुढे स्टुडिओ बंद झाला आणि मी खणात पडलो. दमट हवेत माझ्या काट्याच्या खिळीला गंज चढला. त्र्यंबकराव गेल्यावर घरच्यांनी खण रिकामा केला, तेव्हा माझा काटा उजेडात झटकन वर चढत होता, पण उतरताना अडकत होता. उन्हातून सावलीत आणलं तरी तो वरच. बघणाऱ्याला मी ठणठणीत वाटायचो.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ जुने कॅमेरे विकणाऱ्या मितेशनं मला घेतलं. दोनच दिवसांत त्याला माझी खोड कळली. तेव्हापासून तो मला गिऱ्हाइकाला दाखवायचा ते दुकानाबाहेर, उन्हात.

एका शनिवारी दर्शना आली. बावीस-तेवीस वर्षांची, खांद्याला ऑफिसची बॅग.

"उद्याच फोटो काढायचेत," ती म्हणाली. "कॅमेरा बाबांचा आहे, जुना. त्यात मीटर नाही. घरातले फोटो आहेत, अंदाजानं नाही जमणार."

"हा घ्या ताई, एकदम मस्त पीस आहे," मितेश म्हणाला आणि तिला बाहेर घेऊन गेला. माझा काटा झपकन चढला. ती खूश झाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मुली, एकदा आत नेऊन बघ. पण मला तोंड कुठे आहे?

डोंबिवलीत मानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दर्शनाचे वडील देवराम कंपनीत इन्स्ट्रुमेंट फिटर होते. प्लँटवरचे दाब मोजणारे गेज तपासण्यात त्यांचा जन्म गेला. घरात पाय ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की इथं सगळे हळू बोलतात. देवरामांचा डावा गाल सुजलेला होता, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. सोमवारी ते ॲडमिट होणार होते. गाठीसकट त्या बाजूचं जबड्याचं हाड काढायचं होतं. चेहरा नंतर कसा दिसेल, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. तो कागद दर्शनाची आई कांताबाई यांनी घडी घालून लपवून ठेवला होता.

फोनवर फोटो काढू द्यायला देवराम तयार नव्हते. "फोनातला फोटो गावभर जातो," ते म्हणाले. "कागदावरचा घरात राहतो. माझा कॅमेरा काढ." पहिल्या बोनसमधून घेतलेला तो कॅमेरा. रोल एकच मिळाला होता, छत्तीस फोटोंचा.

रविवारी दुपारी खिडकीपासून जरा आत खुर्ची मांडली. दर्शनानं मला आधी खिडकीतल्या उन्हात धरलं, मग वडिलांच्या गालाजवळ आणलं. मी माझ्या काट्याला विनवत होतो, उतर रे, इथं सावली आहे. तो हलला नाही. तिनं तोच आकडा वाचून कॅमेऱ्यावर लावला.

देवराम ताठ बसले होते. "मला काय होतंय," ते म्हणत होते. "हसू का? बघ, हसतो." टिक. टिक. टिक. प्रत्येक आवाजाला माझा जीव खालीवर होत होता. या माणसाचा हा चेहरा उद्यानंतर जगात कुठेच नसणार, आणि मी एकेक फोटो कोरा करत होतो. स्वयंपाकघराच्या दारात कांताबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं फडकं मघापासून एकाच ताटलीवर फिरत होतं.

वीस फोटो झाले आणि देवरामांनी हात वर केला.

"आवाज आखूड येतोय," ते म्हणाले. "घरात झडप जास्त वेळ उघडी राहते. आवाज लांबतो. किती लावलंयस?"

"पाचशे. मीटर तेच दाखवतोय."

"घरात सेकंदाचा पाचशेवा भाग? आण इकडे."

त्यांनी मला घेतलं आणि कपाळावर तळहात दाबला. अंधार झाला. आता तर माझा काटा शून्यावर यायला हवा होता. तो वरच उभा होता. देवरामांनी काचेवर नखानं एक टिचकी मारली, आणि काटा धाडकन शून्यावर आला.

कांताबाई येऊन भिंतीला टेकल्या.

"वीस गेले, बाबा," दर्शना म्हणाली. "सगळे काळोखात गेले. दुकानदारानं उन्हात दाखवला मला, मी सावलीत बघितलंच नाही. हा फेकूनच देते." तिनं मला हिसकावून घेतलं. तिची बोटं इतकी आवळली होती की वाटलं, संपलो. चुकणारा गेज माणसाचा जीव घेतो, हे या घराइतकं कुणाला माहीत असणार?

"फेकू नको," देवराम म्हणाले. "बिघाड कळलाय ना आता. टिचकी मारून वाच. सोळा आहेत अजून."

ते परत खुर्चीत बसले. पण आता त्यांना ताठ बसता येईना. खांदे खाली आले.

"कांता," ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. परत बोलता येईल का नाही, काय माहीत."

इतक्या दिवसांत हे त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. कांताबाईंनी ताटली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "मलापण वाटते," एवढंच म्हणाल्या. दर्शनानं डोळे पुसले, मला टिचकी मारली, आकडा वाचला. या वेळी झडपेचा आवाज लांब आला.

ऑपरेशन नऊ तास चाललं. पाचव्या दिवशी धुतलेला रोल आला. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून दर्शनानं फिल्मची पट्टी उजेडाकडे धरली. मी तिच्या पर्समध्ये होतो, पर्स उघडीच होती. पहिले वीस काचेसारखे कोरे. मग एकविसाव्यात दोन माणसं एकमेकांना टेकून बसलेली. ती जिन्यातच खाली बसली आणि किती तरी वेळ तशीच पट्टी धरून राहिली.

मला तिनं कल्याणच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेलं. त्यानं गंज काढला, खिळीला तेलाचा थेंब दिला आणि मला उन्हात, सावलीत, टेबलाखाली, सगळीकडे तपासलं.

दीड महिना झाला. देवराम घरी आहेत, पाटीवर लिहून बोलतात. पुढचे रिपोर्ट अजून यायचे आहेत, म्हणून घरात अजून हळूच बोलतात. आधीचे फोटो कांताबाईंनी कपाटात ठेवलेत. ते मागायचं धाडस कुणाला होत नाही.

काल सकाळी देवरामांनी पाटीवर लिहिलं, "कॅमेऱ्यात रोल भर." मग पुसून लिहिलं, "गॅलरीत."

"आत्ता? असेच?" दर्शनानं विचारलं.

त्यांनी मान डोलावली. ऑपरेशननंतर ते गॅलरीत गेलेच नव्हते. तिनं मला त्यांच्या गालाजवळ धरलं. टाके जिथे होते तिथे कातडी ताणलेली होती. मी घाबरलो होतो, कारण भीती काही तेलानं जात नाही. माझा काटा चढला, थोडा उतरला आणि थांबला. आकडा बरोबर होता. खालून शेजाऱ्यांनी हाक दिली, "जय भीम, देवरामदादा." देवरामांनी आधी चेहरा फिरवला. मग सावकाश त्यांच्याकडे वळवला आणि हात जोडले. तेवढ्यात दर्शनानं झडप दाबली.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी यंत्रं जरूर घ्या. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, झाकून ठेवा, अधूनमधून हातात घ्या. आणि विकायची वेळ आली तर आमचा बिघाड सांगून विका. तुमच्याकडून आम्हाला कोण घेऊन जाईल, आणि घरी त्याची कोण वाट बघत असेल, ते तुम्हाला माहीत नसतं.