पिंपं एकवीस, डाग एक

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याने डोकं तपासून घ्यावं. पण एका औषधी चूर्णाच्या कारखान्यात मालकाने हमालांदेखत नोकराची माफी मागितली होती. हा मालक एरवी शिंकला तरी प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या एकमेकींना धरून बसत.

त्या प्रयोगशाळेत माल तपासायला एक बाई होती. सगळे तिला मिलिग्रॅम म्हणत, कारण घरी भाजीत मीठ घालतानाही ती श्वास रोखून धरायची. तिची सख्खी ताई त्याच कारखान्याच्या मुळ्या खरेदी करणाऱ्याला दिलेली. हे भावजी नुसत्या नाकावर माल घेत. मुळी मोडायची, हुंगायची, झाला सौदा. बंद पोत्यातली मुळी डोंगराच्या कोणत्या अंगाची, उन्हातली की सावलीतली, हे ते म्हणे रस्त्यापलीकडून सांगत.

त्या सकाळी सांधेदुखीच्या चूर्णाची एकवीस पिंपं तयार होती आणि ट्रक फाटकाशी लागला होता. मिलिग्रॅमने नेहमीची तपासणी लावली. पांढरा थर दिलेली काचेची पट्टी घ्यायची, तळाशी रेघ मारून तिच्यावर तीन ठिपके द्यायचे: अस्सल मुळीचा, गेल्या खेपेच्या मालाचा आणि आजच्या मालाचा. पट्टी द्रावणात उभी केली की द्रावण टिपकागदात चढावं तसं वर चढतं आणि प्रत्येक ठिपक्यातले घटक आपापल्या उंचीवर सोडत जातं. तिन्ही रांगा सारख्या आल्या की माल पास.

तिसऱ्या रांगेत वरती एक जांभळा डाग आला.

अस्सल मुळीसारखीच दिसणारी एक रानटी मुळी असते. पट्टीवर तिचा डाग असाच जांभळा येतो, आणि पोटात गेली की ती मूत्रपिंडांची वाट लावते. मिलिग्रॅमने चिठ्ठीवर ‘नापास’ लिहिलं आणि एकवीसही पिंपांवर लाल पट्ट्या चिकटवल्या. खरेदी कोणाची, हे तिला चिकटवून झाल्यावर आठवलं.

मालकाने भावजींना निरोप धाडला: दुपारपर्यंत राजीनामा टेबलावर, नाहीतर पोलीस दारात.

भावजी प्रयोगशाळेत आले ते स्टुलावर बसलेच.

“डाग पुसता येतो का गं?”

“फळ्यावरचा नाहीये तो, भावजी.”

“गंमत केली.” त्यांनी रुमालाने नाक दाबलं. “ही मुळी घेतली त्या आठवड्यात मला सर्दी होती.”

“म्हणजे?”

“मुळी मोडली, हुंगली, वासच येईना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. म्हटलं, पहिल्या प्रतीची आहे, भरा.”

“उद्या येतो म्हणायचं होतं.”

“वीस वर्षं या नाकाची टिमकी वाजवली. आता ते चोंदलंय असं सांगू?”

“मग नमुना माझ्याकडे पाठवायचा.”

“मेहुणीकडे? उरलंसुरलं नाकही कापून घ्यायचं?”

तिने विचारलं, “ताईला कळलंय?”

“फोन केला. म्हणाली, तपासणारी आपलीच आहे, तिला सांगा.”

आपलीच. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं. याच भावजींनी तिला तीन वर्षं सायकलवर डबलसीट कॉलेजला नेलं होतं. चढ आला की ते उतरून ढकलत, पण तिला उतरू देत नसत. आता या वयात बिननाकाच्या हुंगणाऱ्याला कोण दारात उभं करणार होतं? मिलिग्रॅमने पट्टी खिडकीशी नेली, उलटी धरली, चष्मा काढून पाहिली. डाग जागचा हलेना. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

आणि तेवढ्यात तिची नजर तळाच्या रेघेवर गेली.

ती रेघ शिसपेन्सिलीनेच मारायची असते. पेन्सिलीची रेघ जागेवर राहते, पेनाची शाई मात्र द्रावणाबरोबर वर चढते. बारा वर्षांत एकदाही न चुकलेल्या बाईने त्या दिवशी रेघ पेनाने मारली होती. म्हणजे जांभळा डाग मुळीचा नव्हताच, शाईचा होता.

ती धावत मालकाकडे गेली. “चूक माझी. भावजींचा माल चोख आहे.” मग पेन्सिलीची रेघ मारून मालकासमोर दुसरी पट्टी लावली. ती धुतल्या तांदळासारखी स्वच्छ निघाली. लाल पट्ट्या सोलून काढल्या. मालकाने भावजींचा राजीनामा फाडला, त्यांना हात जोडले आणि एवढ्या हळू आवाजात माफी मागितली की पुढच्या हमालाला दोनदा विचारावं लागलं. ट्रक सुटला. भावजींना अशी शिंक आली की नाक जागच्या जागी मोकळं झालं आणि वळणापलीकडे गेलेल्या ट्रकमधल्या मुळीचा त्यांना वास...

“थांबा, आजोबा,” ऐकणाऱ्यांतली एक बाई म्हणाली. तिचा सगळा जन्म असल्याच प्रयोगशाळेत गेला होता. “रेघ तिन्ही ठिपक्यांखालून जाते. शाई चढली तर तिन्ही रांगांत चढेल. एकट्या आजच्या मालावर कशी चढली?”

“शाईची मर्जी.”

“शाईला मर्जी नसते. दुसऱ्या पट्टीवर तुमच्या मिलिग्रॅमने गेल्या खेपेचाच माल दोनदा लावला असणार. बाई धडधडीत खोटं बोलली. आता ती एकवीस पिंपं कोणाकोणाच्या पोटात गेली, ते सांगा.”