ब्रेकनंतर लगेच येते

मित्रांनो, मी एका स्थानिक वृत्तवाहिनीचा जुना माईक आहे. नगरमधल्या कचेरीत, कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असतो. माझ्या डोक्यावरचा लाल स्पंज आता हात लावला की भुगा होऊन गळतो.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. खोक्यातून बाहेर आलो तो थेट ज्ञानेश्वरीताईंच्या हातात. त्या बातमीदार. छगनमामा कॅमेरा धरायचे आणि गाडीही तेच चालवायचे. कांद्याचे लिलाव, शाळांची स्नेहसंमेलने, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे मी हिंडलो. माझ्यासमोर आले की लोक केस सारखे करीत. मला फार अभिमान वाटे.

या धंद्यात एक इंग्रजी शब्द मी सतत ऐकला, ब्रेक. बातमी सर्वांआधी दाखवली की आमचे संपादक सुहास सर म्हणत, "आपण ब्रेक केली!" जाहिराती लावायच्या असल्या की "ब्रेक घेऊ." माझी वायर हलली की "आवाज ब्रेक होतोय." छगनमामा हसून म्हणत, "लई ब्रेक हायेत आपल्याकडं. गाडीचा तेवढा नीट लागत न्हाई."

एकदा आम्ही सुप्याच्या अलीकडच्या एका गावात गेलो. शाळा पुणे रस्त्याच्या एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला. मधून कारखान्यांचे ट्रक सुसाट जात. रामहरी नावाचे एक शेतकरी रोज सकाळी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहत आणि मुलांना पलीकडे नेत. त्यांना कोणी नेमले नव्हते. गावाला तिथे गतिरोधक हवा होता.

थेट प्रक्षेपण सुरू झाले. रामहरी लाजून मागे सरले, म्हणून त्यांच्या पत्नी केशरबाई माझ्यासमोर आल्या.

"ताई, आमचं म्हननं येवढंच हाय, ट्रकवाले थांबत न्हाईत. ह्यांनी एकट्यानं कुठवर..."

ताईंच्या कानातल्या यंत्रात सुहास सरांची सूचना आली. त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, ब्रेक घ्यायला सांगताहेत. ब्रेकनंतर लगेच येते तुमच्याकडे."

ब्रेक संपला तेव्हा वाहिनीवर एका मंत्र्यांचे नगरमधले स्वागत चालू होते. केशरबाई पदर नीट करून तशाच उभ्या होत्या. त्यांचे अर्धे वाक्य माझ्यात अडकले होते. मी ते कोणाला देणार?

"नंतर परत जाऊ," सर म्हणाले. ताईंनी पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. दरवेळी दुसरेच काही निघाले.

पावसाळा सरता सरता एका सकाळी त्या गावातून फोन आला. रामहरी मुलांना पलीकडे नेत असताना ट्रक अंगावर आला. त्यांनी शेवटच्या मुलीला कडेला ढकलले, पण ते स्वतः चाकाखाली सापडले. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले.

पडद्यावर लाल पट्टी पळू लागली. ही बातमी अजून दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. "आपण ब्रेक केली," सुहास सर फोनवर सवयीने बोलून गेले आणि लगेच त्यांनी फोन ठेवला.

गावात पोहोचल्यावर ताईंनी मला केशरबाईंसमोर धरले. केशरबाईंनी मला हळूच बाजूला सारले.

"तवा बोलत हुते, तवा ऐकलं न्हाई तुमी. आता काय इचारता?"

ताईंनी मला बंद केले आणि त्या केशरबाईंजवळ जमिनीवर बसल्या. "मावशी, आमचं चुकलं."

मग केशरबाई बोलू लागल्या. एखादे पोर दिसले नाही, तर रामहरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करीत. "मी म्हनायची, तुमाला काय पडलंय? तर म्हनायचे, आया कामाला गेल्या असत्यात त्यांच्या. कुनीतरी बघाया नको व्हय?"

सगळे मी ऐकले. एक शब्दही पुढे पोहोचला नाही.

महिन्याभरात तिथे गतिरोधक झाला. छगनमामांनी गाडी त्यावरून हळू नेली. पुढे ताईंना मोबाईल आणि बारकासा नवा माईक मिळाला, आणि मी कपाटात आलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणी तुमच्याशी बोलत असेल, तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. तुम्हाला कान आहेत, तसे पायही आहेत. ऐकल्यावर तुम्ही उठून जाऊ शकता. मला ते कधीच जमले नाही.