मिटल्या हातांचं पडणं

"फुटली का गं?"

गादीवर उताण्या पडलेल्या वन्संनी छताकडे बघतच विचारलं. मी त्यांच्या मिटलेल्या हातांतला टॉवेल सोडवून उलगडला. पिवळा ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"दोन गेली."

"चला, म्हणजे आज पुन्हा आम्लेट. तुझा नवरा आता अंगणात आरवायला लागेल."

भिंतीशी ओळीनं बसलेली ज्युदोच्या वर्गातली मुलं खिदळली. मास्तर मात्र हसले नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणाले.

इतकी वर्षं लोटली, पण कुठे धप्प असा आवाज झाला की मला धान्याच्या दुकानावरचा तो लांबट हॉल आठवतो आणि घामट गाद्यांचा वास येतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. प्रसूतिगृहात नर्स होत्या. जन्मलेलं बाळ पुसून, गुंडाळून वरच्या मजल्यावर आईपाशी नेऊन द्यायचं, हे त्यांचं काम. "या गावातली निम्मी माणसं आधी माझ्या हातात आली, मग आईच्या," असं त्या ऐटीत सांगायच्या. रस्त्यात एखाद्या मिशीवाल्यानं उद्धटपणा केला, तर "तुला मी उघडा बघितलाय," म्हणून गप्प करायच्या.

चाळिशी उलटली आणि त्यांच्या कानात काहीतरी बिघडलं. आधी भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा, मग जमीन गरकन फिरायची आणि त्या कोसळायच्या. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारी जागा कानाच्या आत असते, तिथलं पाणी वाढतं. गोळ्या घ्या, पण पडणं साफ थांबेल असं मी सांगत नाही. घरात आम्ही त्या दुखण्यालाच भुंगा म्हणायला लागलो.

एकदा भुंगा दवाखान्याच्या जिन्यात आला, हातात बाळ असताना. वन्सं भिंतीला पाठ घासत खाली बसल्या आणि मागून येणाऱ्या आयाबाईंनी बाळ घेतलं. बाळाला ओरखडाही आला नाही. पण वन्संनी स्वतः होऊन सुया-कात्र्या उकळायच्या खोलीतलं काम मागून घेतलं, आणि कुठेही तान्हं मूल दिसलं की त्या दोन्ही हात पाठीमागे बांधायला लागल्या.

मला मुलगी झाली तेव्हाही तेच. दारात उभ्या राहायच्या, मान वाकडी करून बघायच्या, "नाक आमच्याकडचं आलंय, बिचारी," म्हणायच्या; हात पाठीमागे. मी एकदा म्हटलं, "घ्या ना." तर जणू मी निखारा पुढे केला, तशा त्या सरकल्या. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मलाही धडकी भरत होती.

आमच्या खिडकीसमोरच तो हॉल. संध्याकाळभर तिथून धपाधप आवाज यायचे. एक दिवस वन्सं खिडकीशी उभ्या होत्या.

"वहिनी, ती पोरं बघ. सारखी पडतात आणि हसत उठतात. मला ते शिकायचंय."

हे जेवत होते. "आता या वयात कुस्ती करणार तू?"

"कुस्ती नाही रे. पडायला शिकणार."

"ते तुला येतंच की."

वन्सं नेहमी असा टोमणा सव्याज परत करायच्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

मास्तर दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारायचे. त्यांच्याकडे पहिले कित्येक आठवडे पडण्याखेरीज काही शिकवत नसत. पडताना हात मोकळे सोडायचे, तळवा आणि बाहू गादीवर फाडकन आपटायचा, म्हणजे मार हातात जिरतो. वन्सं पडायच्या त्या हात छातीशी मिटून.

"सिस्टर, हात उघडा! असं पडलात तर खांदा जाईल."

"आणि हात मोकळे नसले तर?"

"का नसतील?"

"हातात मूल असलं तर?"

मास्तरांनी मान हलवली. "आमच्या विद्येत तसं पडणं नाही," म्हणाले. वन्संनी पायात चपला सरकवल्या. आम्ही जिन्यापर्यंत पोचलो, तेव्हा मागून हाक आली.

"सिस्टर, हात वाचवायचे तर अंगातल्या दुसऱ्या कुणीतरी मार घ्यायला हवा. कुणी घ्यायचा, ते आधी ठरवा."

"खांद्यानं."

"मग या उद्या. टॉवेल घेऊन या."

टॉवेलात मुलाऐवजी अंडी गुंडाळायची, ही वन्संची कल्पना. हनुवटी छातीला, गुडघे सैल, आणि पडता पडता अंग असं वळवायचं की जमिनीकडे आपला खांदा आणि पाठ, आभाळाकडे टॉवेल. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, चक्कर यामुळे जाणार नाही, पण नुसतं घाबरून बसण्यापेक्षा हे बरं. मी रोज मुलीला शेजारणीकडे ठेवून सोबत जायची. प्रत्येक वेळी वन्सं मागे झुकल्या की माझे डोळे आपोआप मिटायचे. हळूहळू आम्लेटं कमी झाली. ह्यांनी तक्रारसुद्धा केली.

मग एका संध्याकाळी त्या उभ्या असताना चेहरा पांढरा पडला. हे शिकवलेलं पडणं नव्हतं. भुंगा खरा आला होता. मी किंचाळले. धप्प झालं. मुलं उठून उभी राहिली. वन्संना उलटी झाली, डोळे गरगरत होते, मला त्या ओळखत होत्या की नाही कोण जाणे. पण टॉवेल छातीशी तसाच. मी उलगडला. सगळी अंडी धड होती.

"वहिनी?"

"एकही नाही, वन्सं."

त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. हात पाठीमागून पुढे घेतले. "दे."

"पलंगावर बसून घेता?"

"उभी राहूनच घेईन."

 अंडी वेगळी आणि पोटची पोर वेगळी. मी मुलीला त्यांच्या हातांत ठेवलं आणि माझे हात खाली तसेच पसरून धरले, चादर धरावी तसे. वन्संनी ते बघितलं. माझ्या हातांवर त्यांचे हात, अशा आम्ही दोघी किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. पुढे काही दिवसांनी मी माझे हात काढून घेतले.

पावसाळा संपता संपता मुलीला लस टोचून आणायला गेलो होतो. दवाखान्याच्या दगडी पायऱ्या उतरताना मुलगी वन्संकडे, पिशव्या माझ्याकडे. शेवटच्या दोन-तीन पायऱ्या उरल्या आणि वन्सं थांबल्या.

"वहिनी, भुंगा."

मी पिशव्या टाकल्या. पण माझ्या आणि त्यांच्या मधे एक पायरी होती, आणि ती संपेना. मी त्यांचं अंग वळताना पाहिलं. बिजागरीवर दार फिरावं तसं. हनुवटी खाली गेली. मग सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ काहीच ऐकू आलं नाही. त्या शांततेत मी मेले होते.

मग मुलीनं भोकाड पसरलं. असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

मी धावले. मुलगी लालबुंद, पण धड. वन्संचा डावा खांदा भलत्याच जागी गेलेला. मी मुलीला ओढायला लागले, पण त्यांचे हात उघडेनात.

"सोडा ना, वन्सं. मी आहे."

डोळे घट्ट मिटलेले. ओठांतून शब्द आले, "जमीन थांबली का?"

"थांबली."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या गळ्याशपथ."

तेव्हा त्यांनी हात उघडले.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मास्तर बघायला आले, झोळीतल्या हाताकडे बघत म्हणाले, "ठरल्याप्रमाणे खांद्यानंच घेतला."

"उधारी ठेवत नाही मी," वन्सं म्हणाल्या.

हाड जुळलं, पण डावा खांदा कायमचा जरा उतरला. झोळी निघाली त्या दिवशी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हे आत खुर्चीवर, वर्तमानपत्राआड. पान काही उलटत नव्हतं. मी आधी वन्संच्या हातांकडे बघितलं. ते पाठीमागे नव्हते. अंगालगत समोर लोंबत होते, एक जरा खाली, एक जरा वर.

"पायऱ्यांवर आता तूच घेत जा, वहिनी," त्या म्हणाल्या. "घरात मी."

काटकी मोडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात होता. मी मुलीला उचललं आणि पुढे केलं. तिनं वन्संच्या उतरलेल्या खांद्यावर गाल टेकला, तिथं खळगा पडला होता, आणि झोपून गेली.