बासष्टावा अंगठा

पुरुषाचा डावा, बाईचा उजवा.

वाघदेवाच्या लाकडी पाटावर वाघ कोरलेला असतो, नाग असतो, वर सूर्य आणि चंद्र. पाट जिथे उभा, तिथे आपली हद्द संपते.

स्टॅम्प पॅडची शाई बोटावर तीन दिवस राहते. लिंबू चोळलं तर दोन.

खाणीत सुरुंग उडाला की कोंबड्या आधी गप्प होतात. माणसं नंतर.

राज्यघटनेची पाचवी अनुसूची झेरॉक्स करायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

सहादूबाबा 'नाही' कधीच म्हणत नाही. 'बघू' म्हणतो.

*

अंजली नाशकात, सीबीएस बसस्थानकाजवळच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करते. राहायला पंचवटीत खोली. घर कळवणच्या डोंगराळ बाजूला, करवंदपाड्यात. कागदावर करवंदपाडा हे गाव नाही, चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावाची वस्ती आहे. वाघदेवाचा डोंगर खडीच्या खाणीला द्यायचं मोठ्या गावात जवळजवळ ठरलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी करवंदपाडा आहे, हे तिथल्या कुणाला आडवं आलं नाही.

वाट अंजलीनेच शोधली. लोकांचे कागद टाइप करता करता तिने पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांसाठीचा ग्रामसभेचा कायदा वाचला. आपल्या रूढी-परंपरेने कारभार चालवणारा पाडा स्वतःला गाव म्हणवून घेऊ शकतो. मग त्याची ग्रामसभा वेगळी आणि डोंगराचं तिला विचारावं लागतं. ठरावाला निम्मे मतदार पुरतात.

करवंदपाड्यात मतदार बासष्ट. ठरावावर एकसष्टांचे अंगठे झाले.

पुष्कळ झाले, असं अंजलीने समाजमंदिरात सगळ्यांना समजावून सांगितलं. निम्मे म्हणजे एकतीस. कुणी वाद घातला नाही, पण कुणी उठलंही नाही. तिची आई शकुबाई तेवढी बोलली.

"निम्म्यावर मोठ्या गावाचं चालतं, आंजे. आपलं कधी चाललं? सहादू बाजूला बसलेला असताना आपण गाव कसं?"

तीन संध्याकाळी पाडा सहादूबाबासाठी बसला. तो रोज यायचा, भिंतीला टेकायचा, बघू म्हणायचा. तरुणपणी त्याने एकदा एका कागदावर अंगठा दिला होता, त्यानंतर त्याचं शेत धरणाखाली गेलं. शेवटच्या दिवशी अंजली कागद घेऊन त्याच्या दारात गेली. त्याने हाताची मूठ केली आणि ती मांडीखाली घातली.

मोठ्या गावाची सभा सोमवारी होती. त्याआधी ठराव प्रांतसाहेबांकडे पोचायलाच हवा होता.

*

शनिवार. दुपारी मालक जेवायला गेला. पॅड काउंटरवरच असतं. सहादूबाबाच्या नावापुढचा चौकोन रिकामा.

पुरुषाचा डावा. तिने डावा अंगठा टेकवला.

फार स्वच्छ उठला. एकेक रेष भोवऱ्यासारखी फिरत गेलेली. तिने फुंकर मारली.

कायद्याला तो नको होता. तिने तो पाड्यासाठी दिला. आपण सगळे आहोत, असं कागदावर तरी दिसावं म्हणून.

पाड्यात तिने फोन करून सांगितलं की बाबाने दिला. शकुबाई म्हणाली, चांगलं झालं.

*

अकराव्या दिवशी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. दोघे उतरले. एकाने फाइल उघडून कागद पुढे केला. ठरावाची प्रत. हरकत घेणाऱ्या खाणवाल्यांना ती मिळतेच.

"ताई, हा शेवटचा अंगठा मोठा करून द्या. ए-थ्रीवर."

अंजलीने काच उचलली, कागद पालथा ठेवला. बटण दाबताना डावा हात तिने ओढणीत ठेवला. मशिनमधून तिचा अंगठा हळूहळू बाहेर आला, भाकरीएवढा.

माणसाने तो उजेडाकडे धरला. म्हणाला, म्हाताऱ्याच्या मानाने झकास आहे. दुसरा हसला आणि त्याने विचारलं, ताई कुठल्या? कळवणकडच्या वाटता.

ती म्हणाली, देवळ्याची.

"बरं," तो म्हणाला. "सुनावणीला भेटूच."

त्या दिवसापासून ती पूल ओलांडून खोलीवर जाताना दर थोड्या वेळाने मागे बघायची. मोटारसायकली पुष्कळ होत्या. त्यातली कुठली, ते कळायचं नाही. अंगठा ती भांड्याच्या तारेने घासायची. रक्त आलं, रेषा गेल्या नाहीत. दोन दिवसांत पुन्हा तशाच.

*

सुनावणी कळवणला, प्रांतसाहेबांपुढे. अख्खा पाडा जीप करून आला होता. ते दोघे मागच्या बाकावर. मांडीवर गुंडाळी केलेला मोठा कागद.

साहेबांचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, ठरावाला निम्मेच लागतात, मला माहीत आहे. पण एक अंगठा खोटा निघाला तर बाकीच्या एकसष्टांवर मी विश्वास का ठेवायचा? आणि खोटा करणाऱ्यावर गुन्हा होईल, तो वेगळा.

मग त्यांनी सहादूबाबाला पुढे बोलावलं.

अंजलीला वाटलं, तो बघू म्हणेल. तसं म्हणाला तरी संपलं. तिने डावा हात पाठीमागे नेला.

सहादूबाबाने कागद डोळ्यांजवळ धरला. त्या चौकोनाकडे खूप वेळ पाहिलं. नंतर त्याने मान वळवली आणि अंजलीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे नाही, पाठीमागे गेलेल्या हाताकडे.

"माझाच हाय," तो म्हणाला.

मागे पाड्याने श्वास सोडला. शकुबाईने शेजारणीचा हात धरला. "आता झालो आपण सगळे," ती हळू म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि पॅड पुढे सरकवलं. शेजारी कोरा कागद ठेवला, खणातून भिंग काढलं. मागच्या बाकावर मोठ्या कागदाची गुंडाळी उलगडल्याचा आवाज आला.

सहादूबाबाने मूठ उघडली. डावा अंगठा शाईत बुडवला आणि जोर देऊन कागदावर टेकवला. उठला तो नुसता शाईचा डाग, एकही रेष नाही.

रेशन दुकानातलं मशीन चार वर्षांपासून सहादूबाबाचा अंगठा घेत नव्हतं. धरणाचे दगड वाहून त्याच्या बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या.