वीस पावलांवरचा बेस

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. आठवडाभर मी इस्पितळात लोकांचे कान तपासते आणि रविवारी दुपारी बॅंडमध्ये बेस गिटार वाजवते. दोन्हीकडे माझं काम एकच, कुणाला काय ऐकू येतं ते बघायचं. आणि दोन्हीकडे लोक थापा मारतात.

इस्पितळाच्या तळमजल्यावर माझी खोली आहे. पेशंट काचेपलीकडे हेडफोन लावून बसतो, मी अलीकडून एकेक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. एवढंच. पण माणसाला बहिरं ठरायची लाज वाटते. मी काही सोडलेलंच नसतं आणि समोरचा खुशाल बोट वर करून बसलेला असतो, वर माझ्याकडे बघून हसतो. चौदा वर्षांत खोटं बोट कधीच वर न केलेला एकच पेशंट मला भेटला, तो म्हणजे सुतारकाका. वय ऐंशीच्या पुढे. रंधा आणि करवतीच्या मशीनने दोन्ही कान खाऊन टाकले आहेत. काका खुर्चीत दगडासारखे बसतात. ऐकू आलं तर बोट, नाही तर नाही.

हेच काका दर रविवारी बायकोला घेऊन आमच्या हॉलमध्ये नाचायला येतात. कानांनी नव्हे, पायांनी ऐकतात. हॉलची लाकडी जमीन त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी बसवली, खाली पोकळी ठेवून. बेसचा सूर फळीतून वर येतो आणि त्यांच्या पातळ तळाच्या बुटांतून आत शिरतो. गाणं कुठलं, ते काकू हात दाबून सांगतात.

त्या मंगळवारी तपासणी संपल्यावर काकांनी हेडफोन काढले आणि कॉरिडॉरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरी, तू आजारी आहेस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग वाजवत का नाहीस? सहा महिने झाले. बोटं हलताना दिसतात, पायाला काही लागत नाही. परवा मी हिच्या पायावर पाय दिला. साठ वर्षांत दिला नव्हता."

मी कागदावर लिहिलं, ‘मी वाजवतेय. पूर्वीइतकंच.’

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "मग जातं कुठे ते? एवढा महिना बघतो. नाही तर बंद करतो यायचं. हिचे पाय चेंगरायला कशाला यायचं."

आता गंमत बघा. त्याच्या दोनच दिवस आधी मला बॅंडमध्ये नेमकं उलटं ऐकवलं होतं. आमचे मास्तर, म्हणजे बॅंडचे मालक आणि गिटार वाजवणारे, आठवडाभर शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे गाण्यातही त्यांना चुकलेलंच आधी दिसतं. गाणी संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुझा बेस फार घुमतो. साऊंडवाला सहा महिने ओरडतोय. नुसता गोंगाट होतो म्हणतो."

"तुम्हाला ऐकू येतो गोंगाट?"

"तो म्हणतोय ना. बावीस वर्षं काम करतोय तो." मास्तरांनी त्याची री ओढली. "तुझं ते धूड विकून टाक. बॅटरीवाला नवा बेस घे, पाच तारांचा, आवाज कसा स्वच्छ येतो. पुढच्या रविवारी नवा नसेल तर कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचे सूर वाजवेल. तसा त्याचा डावा हात रिकामाच असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं मी ज्या जागी उभी आहे, तिथे कुणाचातरी रिकामा डावा हात बसवायचा होता. पण मनात पाल चुकचुकली होती. खरंच आपलंच वाद्य म्हातारं झालं असेल तर?

म्हणून गुरुवारी मी मामाला घेऊन दुकानात गेले. मला बेस शिकवला मामाने. हे धूडही त्याचंच, पण त्याने ते मला पूर्ण किमतीला विकलं. फुकट दिलं असतं तर तू भिंतीला टांगलं असतंस, म्हणाला होता. अजून तोंड वर करून सांगतो.

दुकानदार भला माणूस होता, फक्त त्याला मी दिसत नव्हते. तो मामाशीच बोलत होता. "साहेब, हा बघा, वजनाला हलका, आत बॅटरी, तीन बटणं जास्त. साहेबांचा हात मोठा आहे, बेसची दांडी जाड असली तरी चालेल."

"साहेब सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना संधिवात आहे," मी म्हटलं. "बेस मला हवाय."

तो ओशाळला आणि त्याने बेस माझ्या हातात दिला. मी वाजवला. खोटं कशाला बोलू, सुरेख वाजत होता. सूर काचेसारखा स्वच्छ, खांद्यावर वजन असं नाहीच. माझं तोंड उतरलं.

"छान आहे," मामा म्हणाला. "दुकानात सगळेच छान वाजतात. इथे एवढासा स्पीकर, एवढीशी खोली, आणि तू त्याला नाक लावून उभी. आणि हो, वायर याला खोचून ठेवली की बॅटरी उतरते. घरी विसरशील आणि ऐन गाण्यात मुका होईल."

"मामा, मी विसरभोळी नाही."

"तू गॅसवर दूध ठेवून मला फोन करतेस." मग त्याने आवाज खाली आणला. "मला एक सांग. तुमचा साऊंडवाला बसतो कुठे?"

"मागे. कोपऱ्यात, बाल्कनीखाली. पूर्वी मधोमध बसायचा. सहा महिन्यांपूर्वी तिथे नाचायला जागा वाढवली आणि त्याचं टेबल कोपऱ्यात नेलं."

मामाने विचारलं, "आणि चौदा वर्षांत तू स्वतःला कुठून ऐकलंस?"

माझ्या अँपच्या, म्हणजे माझ्या स्पीकरच्या पेटीच्या, पुढ्यात उभी राहून, दुसरं कुठून? दुसऱ्यांचे कान तपासणारी मी, हॉलमधून माझा बेस कसा ऐकू येतो ते मला ठाऊकच नव्हतं. बेस वाजवणारे सगळे हीच चूक करतात. स्टेज सोडून वाजवता येत नाही, आणि वाजवल्याशिवाय ऐकता येत नाही.

"खालचा सूर कोपऱ्यात जाऊन साठतो," मामा म्हणाला. "तिथे बसलेल्याला तो जास्तच वाटणार. मग तो हॉलच्या स्पीकरमधला तुझा आवाज बटणाने खाली ओढणार. मधल्यांच्या वाट्याला काय उरणार? आधी लांब वायर कर, मग बेस घे." दुकानदाराकडे वळून त्याने अतिशय आदराने सांगितलं, "बाईसाहेब विचार करून कळवतील."

शुक्रवारी रात्रीचं जेवण उरकून मी आणि मामाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीस मीटर वायरला दोन्ही टोकांनी पिना जोडल्या. डाग देऊन तारा जोडणं माझं, सूचना त्याच्या.

रविवारी मी तासभर आधी गेले. साऊंडवाला टेबलाशी आला होता, कीबोर्डवाला स्टेजवर होता, मास्तर गिटार लावत होते. माझ्या खांद्यावर जुनाच बेस बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी लांब वायर जोडली, स्टेजच्या पायऱ्या उतरले आणि एकच खालचा सूर वाजवत कोपऱ्याकडे चालत निघाले.

बाल्कनीखाली पोचले आणि थांबले. भयंकर घुमत होतं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. माणूस खोटं बोलत नव्हता. सहा महिने मी मनात त्याच्या नावाने बोटं मोडत होते, आणि तो ऐकू येईल तेच सांगत होता.

"बघा मॅडम," तो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा."

"खरंय तुझं," मी म्हटलं. "आता मी मध्ये जाते, तूही चल."

मी पावलं मोजली. वीस. हॉलच्या मधोमध उभं राहून मी तोच सूर तेवढ्याच जोराने वाजवला. तारेवर बोट घासल्याचा आवाज आला आणि कीबोर्डवाल्याचं खोकणं ऐकू आलं. बेस नव्हताच. मी खाली फळीवर हात टेकवला. फळी थंड होती. या जागेवर सहा महिने सुतारकाका पाय रोवून वाट बघत होते, आणि मी वर स्टेजवर घाम गाळत होते. मला रडू आलं असतं, पण राग आधी आला.

"इकडे ये," मी साऊंडवाल्याला हाक मारली. "वीस पावलं आहेत."

"मी टेबल सोडत नाही, मॅडम. बावीस वर्षं कान आहेत माझे."

"कान चांगले आहेत, मी तपासूनही देईन. जागा चुकलीय. बरं, कीबोर्डला डाव्या हाताने खालचा सूर वाजवायला सांग. तोही घुमेल तुझ्याकडे."

कीबोर्डवाल्याने वाजवला. साऊंडवाल्याने तोंड वाकडं केलं आणि त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. त्याने तेही खाली ओढलं. मी मास्तरांकडे बघितलं. "दिसलं? वाद्य बदला, माणूस बदला, तो कोपऱ्यातून खालचा आवाज कापतच राहणार. त्याला फक्त इथे येऊन उभं राहायला सांगा."

मास्तरांना दिसलं होतं. गणिताच्या माणसाला एवढं कळतं. पण लोक यायला लागले होते आणि हॉलच्या मॅनेजरशी टेबलावरून भांडायची त्यांची तयारी नव्हती. "आज वाद नको," ते म्हणाले. "नवा बेस आणला नाहीस, तेव्हा आज तुझं शेवटचं. नीट वाजव आणि गोडीत संपव."

गोडीत. मी पहिला अर्धा भाग स्टेजवरून वाजवला, नीट. काका आणि काकू आले, मधोमध उभे राहिले. काकांचे पाय चाचपडत होते. तिसऱ्या गाण्यात काकूंनी ओठ चावला आणि हसून घेतलं. चौथ्याला दोघं भिंतीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. काका बूट बघत बसले होते, जसं काही चूक बुटांचीच होती.

मध्यंतर संपलं. मास्तर मोजायला लागले, एक, दोन, आणि मी साऊंडवाल्याकडे जाणारी वायर माझ्या अँपमधून उपटली.

"काय करतेस?" मास्तर दात आवळून म्हणाले.

"शेवटचं आहे ना? मग मला जिथून वाजवायचं तिथून वाजवते."

मी अँप उचलला. वीस किलोचा आहे, माझी पाठ त्याला ओळखते. पायऱ्या उतरून मी तो हॉलच्या मधोमध नेला आणि खाली रबर वगैरे न ठेवता थेट फळीवर ठेवला. लांब विजेची वायर मी मघाशीच खुर्च्यांखालून ओढून ठेवली होती, कारण तिरसट माणूस तयारीने येतो. नाचणारे बाजूला सरकले. कोपऱ्यातून साऊंडवाला हातवारे करत होता. त्याच्या टेबलावरचं माझं बटण आता नुसतं प्लॅस्टिक होतं.

"वर ये," मास्तर माईकवरूनच म्हणाले. अख्ख्या हॉलने ऐकलं.

"नाही," मी म्हटलं. माझ्याकडे माईक नव्हता, पण बहिऱ्यांशी बोलून बोलून माझा आवाज खणखणीत झालाय. "सुरू करा. नाही तर मी एकटी करते."

आणि मी एकटीने सुरू केलं. चार सूर, पुन्हा तेच चार, संथ. पहिल्याच सुराला फळी जागी झाली. माझ्या पोटऱ्यांपर्यंत आली. जवळच्या एका बाईने आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ड्रमवाला चौदा वर्षं माझ्या शेजारी बसतोय, त्याला परवानगी लागली नाही, तो गाण्यात शिरला. मग कीबोर्ड, तोही फक्त उजव्या हाताने. मास्तर चार ओळी उभे राहिले आणि मग त्यांनाही वाजवावंच लागलं.

भिंतीकडे काकांनी मान वर केली होती. त्यांनी बूट फळीवर घट्ट टेकवले. काकूंना काही न विचारता ते उठले, त्यांचा हात धरला आणि मध्ये आले, थेट माझ्या अँपशेजारी. काकूंनी गाणं सांगायला हात दाबला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पाय बरोबर पडत होते. साठ वर्षांची सवय होती, तिला फक्त जमीन मिळायची राहिली होती.

साऊंडवाला टेबल सोडून आला होता. कधी आला ते मला दिसलं नाही. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, तोंड किंचित उघडं, आपल्या कोपऱ्याकडे आणि पुन्हा पायांकडे बघत. त्याच्यामागे मास्तर स्टेजच्या कडेला गिटार वाजवत वाकून बघत होते.

"घुमतोय का?" मी विचारलं.

तेवढ्यात काकू गिरकी घेऊन वळल्या आणि त्यांच्या खांद्यावरून काकांचा हात मला दिसला. मी खालचा सूर लावला आणि त्या हाताचं एक बोट वर झालं. सूर थांबला, बोट खाली आलं. मी मुद्दाम एक सूर गाळला. बोट वर झालं नाही. पुढचा लावला, आणि ते पुन्हा वर झालं.

"ते बोट बघ," मी साऊंडवाल्याला म्हटलं. "ते खोटं वर होत नाही. तुझं टेबल कुठे ठेवायचं ते आता त्याला विचार."