काढून टाकलेला पाईप

माझा उजवा हात वाकडा आहे असं सांगणाऱ्या पहिल्या माणसाला मी डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं. तो माणूस म्हणजे गेल्या वर्षीच्या वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतला पंच. पासष्टच्या वरच्या बायकांचा गट होता, आणि माझी पहिलीच स्पर्धा. बत्तीस किलो खांद्यावरून डोक्यावर नेले आणि समोर बघितलं, तर पंचांच्या तीन दिव्यांतले दोन लाल. तीनदा उचललं, तीनदा लाल. उजवं कोपर सरळ झालं नाही म्हणे. निकालाच्या कागदावर माझ्यापुढे शून्य. आणि माझी धाकटी जाऊ, जिने पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा दांडीला हात लावला, ती चोवीस किलोवर पदक घेऊन गेली. ते तिने टीव्हीच्या कोपऱ्याला अडकवलंय. बातम्या सांगणाऱ्या बाईने एकाच कानात डूल घातल्यासारखं दिसतं.

मी मात्र तीस वर्षं उचलतेय. आमच्या घराखाली तळघर आहे, तिथे ह्यांनी लाकडी फळ्यांचा चौथरा केला, मला शिकवलं आणि वर्षभराने समोर भिंतभर आरसा लावला. मग मी मुलाला शिकवलं, मुलाच्या मित्रांना, गल्लीतल्या दहाबारा बायकांना. माझ्या हाताखालून गेलेला माणूस लांबूनही ओळखू येतो, असं हे अभिमानाने सांगतात. का ओळखू येतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं सुनेमुळे. सून सुतार आहे. लोकांच्या घरी दारं, खिडक्या, कपाटं बसवते. मी चारचौघांत "फर्निचरच्या धंद्यात आहे" एवढंच सांगत असे. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "तळघरातला आरसा तिरका आहे, नीट करून देऊ का?" मी म्हटलं, "आधी पोळ्या गोल कर." तो विषय तिथेच मिटला. पोळ्या अजून नकाशासारख्याच होतात, ते सोडा.

तर यंदा तळघराचं दार फुगलं म्हणून ती रंधा घेऊन खाली आली. मी उचलत होते. ती बघत उभी राहिली.

"आई, दांडी वाकडी आहे."

"नवीकोरी आहे. मागच्या वर्षी घेतली."

"दांडी नाही हो. तुम्ही."

ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. असं वाक्य आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं.

"हे बघ," मी म्हटलं, "आरशात बघ. आरशाच्या वरच्या कडेला समांतर आहे की नाही?"

"आहे ना. आरसाही वाकडाच आहे."

"मी स्वतः लावलाय," हे म्हणाले. "हिने दांडी वर धरली होती, तिच्या रेषेत."

सून हसली नाही, हे तिच्या नशिबाने बरं झालं. तिने पिशवीतून पाणसळ काढली. सुतार लोकांची ती पट्टी असते, काचेच्या नळीत पाणी आणि त्यात एक बुडबुडा; तो मधोमध राहिला की रेषा सरळ. चिकटपट्टीने ती दांडीच्या मधोमध लावली आणि म्हणाली, "आता उचला." मी उचललं. बुडबुडा डावीकडे पळाला आणि माहेरी आल्यासारखा तिथे जाऊन बसला. हलेचना. माणसाशी भांडता येतं. बुडबुड्याशी काय भांडणार?

"उजव्या बाजूला काय होतं इथे?" सुनेने वर बघत विचारलं.

मग आठवलं. पाईप! वरच्या मजल्यावर शिंपी राहायचा, त्याच्या न्हाणीघराचा पाईप चौथऱ्याच्या उजव्या अंगाने छताला लागून जायचा. पहिल्याच वर्षी मी दांडी जोरात वर नेली आणि पाईप फोडला. शिंपी डोक्याला साबण लावून उभा होता. तसाच फेसासकट खाली आला आणि गल्ली जमेपर्यंत बोलला. त्या दिवसापासून उजवं कोपर चार बोटं वाकवून ठेवायचं, हा आमच्या तळघराचा नियम झाला. अकरा वर्षांपूर्वी पाईप काढून बाहेरच्या भिंतीवर नेला. कोपराला कोणी कळवलं नाही. आणि आम्ही सगळेच एका बाजूला कललेले, त्यामुळे एकमेकांना सरळ दिसत होतो.

त्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "दार झालं असेल तर वर जा." रात्रभर मनात एकच. यंदा पुन्हा शून्य आलं, तर जाऊ टीव्हीच्या दुसऱ्या कानातही डूल घालणार.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने तिच्या कारखान्यात गेले.

"डबा सकाळीच आणला होता मी," ती म्हणाली.

"गप्प बस. ती पट्टी काढ. आणि ह्यांना सांगायचं नाही."

"बाबांनी विचारलं तर?"

"सांग, मी तुला फळ्या उचलायला शिकवतेय."

ह्यांना ते इतकं पटलं की शेजारी सांगून आले.

कोपर सरळ करून उचलायचं म्हणजे तीस वर्षांचा संसार मोडून नवा मांडायचा. बत्तीस किलो उचलणारी बाई मी, नुसती पंधरा किलोची रिकामी दांडी डोक्यावर नेताना लटपटले. पाईप गेला होता, पण दांडी वर जायला लागली की हात आपोआप त्याला वाट करून द्यायचा. शेवटी सुनेने, तळघरात पाईप असायचा तेवढ्याच उंचीवर, कारखान्याच्या छताला एक घुंगरू टांगलं. "वाजलं तरच मोजणार," म्हणाली. पहिल्या दिवशी एकदाही वाजलं नाही. मी तिच्या रंध्याला, करवतीला, तिच्या आईवडिलांना, सगळ्यांना नावं ठेवली. ती टाचणीने रंध्यातला भुसा उकरत बसली होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? उचला." दोन महिन्यांत अठ्ठावीस किलोवर घुंगरू वाजायला लागलं.

स्पर्धेत तेच अठ्ठावीस लावले. पहिली उचल, दोन लाल. तिथे घुंगरू कुठे होतं? नुसतं उंच, रिकामं छत. हात आपला पुन्हा शिंप्याला जपायला लागला. दुसरी उचल, पुन्हा दोन लाल. जाऊ पंचवीस किलो उचलून मोकळी झाली होती, ती गळ्यात टॉवेल टाकून माझ्याजवळ आली.

"जाऊबाई, खांदा धरलाय का? माझ्याकडे मलम आहे."

"ठेव तुझ्याकडेच. घरी जाताना लागेल."

आत खेळाडूजवळ एकच कोच उभा राहू शकतो. कागदावर ह्यांचंच नाव. हे कानाशी ओरडत होते, "अगं, जोर लाव, नेहमीसारखं!" नेहमीसारखं हाच तर घोटाळा होता. एकच उचल उरली होती. मी नोंदींच्या टेबलामागच्या माणसाकडे गेले.

"कोच बदलायचाय."

"आत्ता? कोणाला घ्यायचंय?"

"माझी सून. ती तिथे, मांडीवर पिशवी घेऊन बसलीय."

"त्या वेटलिफ्टर आहेत?"

सगळे ऐकत होते. जाऊ तर मान पुढे काढून. मला एक क्षण फर्निचरचा धंदा आठवला आणि मी तो सोडून दिला.

"सुतार आहे," मी मोठ्याने म्हटलं. "आणि मला तिनेच शिकवलंय. तीस वर्षं चुकीचं उचलत होते मी."

जाऊच्या हातातली मलमाची डबी खाली पडली. हे म्हणाले, "आणि मी?"

"तुम्ही पिशवी धरा."

सून पळत आली.

"घुंगरू आणलंयस?"

"आणलंय, पण इथे टांगू देणार नाहीत. आई, तिथे पाईप आहे असं समजा."

"समजायचं कशाला? आहेच तो."

"मग फोडा."

मी चौथऱ्यावर गेले. दांडी खांद्यावर घेतली, वर बघितलं. पाईप होता. गंजका, थेंब गळणारा, आणि त्याच्या वर साबण लावून उभा असलेला शिंपी. म्हटलं, माफ कर रे बाबा, डोळे मीट. आणि फोडला.

दोन्ही कोपरं खटकन बसली. दांडी जागच्या जागी स्थिर. तीन पांढरे दिवे. जाऊपेक्षा तीन किलो जास्त.

पदक मी टीव्हीला लावलं नाही. ते सुनेच्या कारखान्यात घुंगराशेजारी आहे.

परवा तिने तळघरातला आरसा पाणसळ लावून सरळ केला. तेव्हापासून जो येतो तो दारातच थबकतो आणि म्हणतो, "काकू, आरसा वाकडा लागलाय." ह्यांनी तर दोनदा तो कोपऱ्यातून ढकलून बघितला. मी नुसतं "दांडी उचल," म्हणते, आणि वर सुनेला हाक मारते. "पट्टी घेऊन खाली ये." आज जाऊबाईही शिकायला यायच्या आहेत.