रिसीव्हरवरची अंगठी

आता अकोल्यात फुलांचे भाव मोबाइलवर अंगठ्याने ठरतात. रजियाबीला त्याचं काडीचं कौतुक नाही. तिच्या फुलांच्या दुकानात काळा फोन होता, तेव्हा सकाळी तो वाजला की शेजारचा पानवाला आपला रेडिओ बारीक करायचा. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पलीकडे असायचे वामनराव. अमरावतीच्या पुढे, रिद्धपूरजवळ त्यांचं वावर. कपाशीने पाठ फिरवली तशी त्यांनी अर्ध्या वावरात शेवंती आणि झेंडू लावला. ओल्या फडक्यात बांधलेली फुलं एसटीने अकोल्याला यायची, आणि त्यांचा भाव रोज फोनवर ठरायचा. ठरायचा म्हणजे काय, लढला जायचा.

"वामनभाऊ, कालचा झेंडू पाहिला का तुमी? म्हातारीच्या गालासारखा झाला होता!"

"तुमच्या बोळात ऊनच पोचत नाई, बाई. तुमाले ताजं फूल दिसन कसं?"

"तुमचा भाव देऊ, तर मंग नवरदेवाचे सेहरे फुकट वाटू का मी?"

"वाटा. सवाब भेटन, पुण्य लागन."

अशा भांडणातच वामनरावांच्या बायकोचे, पार्बतावहिनींचे, गुडघे, पोरांच्या परीक्षा, रमजान, पोळा, सगळ्याची विचारपूस उरकायची. शेवटी रजियाबी भाव बोलायची आणि थांबायची. वामनराव तोंडाने कधीच 'हो' म्हणत नसत. तरुणपणी ते बैलबाजारात सौदे करायचे, आणि तिथे भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. आता फोनला रुमाल कुठून आणणार? म्हणून भाव पटला की ते बोटातली तांब्याची अंगठी रिसीव्हरवर वाजवायचे. टक टक. झाला सौदा. नाही पटला तर नुसती शांतता, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

गंमत म्हणजे रजियाबीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात दोघं एकदाच समोरासमोर आले, तेव्हा दोघांनाही बोलायला काही सुचलं नव्हतं.

एका वर्षी दिवाळी झाली आणि फोन यायचा थांबला. फुलं मात्र येत राहिली. मग रजियाबीच्या धाकट्या मुलीला, निखतला, कॉम्प्युटरवर ईमेल आला. वामनरावांचा मुलगा शेखर मोर्शीला नेट कॅफे चालवायचा, त्याने पाठवलेला. यापुढे ऑर्डर मेलवर द्यावी, भाव आपण लावाल तो मान्य.

निखत खूश झाली. "अम्मी, किती बरं झालं! दोन ओळी लिहायच्या, कटकट नाई. अन् सगळं लेखी राहते."

"लावान तो भाव मान्य?" रजियाबी म्हणाली. "वामनराव असं म्हणन? हा माणूस झोपेतही असं नाई म्हणणार."

पण मेलचं काम चोख निघालं. ऑर्डर बरोबर, फुलं वेळेवर, चुकीला जागा नाही. आणि रजियाबीची सकाळ मात्र अळणी झाली. पानवाल्याचा रेडिओ मोठ्याने वाजायचा आणि तिला तो ऐकवायचा नाही. तिला वामनरावांची आठवण येत होती, आणि हे कबूल करायची लाजही वाटत होती.

लाजेच्या खाली भीती होती. ती वर्षंच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती. वऱ्हाडात सकाळी पेपर उघडताना हात कचरायचा. एखाद्या शेतकऱ्याच्या घरून फोनवर नीट उत्तर आलं नाही, की माणसं गप्प होऊन एकमेकांकडे पाहायची. रजियाबीने वामनरावांच्या घरी कितीदा तरी फोन लावला. दरवेळी पार्बताबाई म्हणायच्या, "ते वावरात गेले." सकाळी वावरात, दुपारी वावरात, दिवेलागणीलाही वावरात.

एका सकाळी तिला राहवलं नाही. "वहिनी, तुमाले पोरायची शप्पथ हाय. हा माणूस जिता हाय का?"

पलीकडे हुंदका फुटला.

"जिते हाय वो बाई. लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. समजते सगळं, पण तोंडातून शब्द निंगत नाई. कोणाले सांगू नको म्हणून शेखरनं बजावलं. व्यापाऱ्याईले समजलं तर भाव पाडतीन म्हणते. कोणी भावासाठी फोन करू नाई, म्हणून त्यानं मेलवर सगळं मान्य केलं."

मी भाव पाडीन? रजियाबीला ते फार लागलं. पण ही रुसायची वेळ नव्हती. "त्याईच्या कानाले फोन लावा," ती म्हणाली.

फोनमध्ये श्वास ऐकू आला. जड, थांबत थांबत येणारा.

"वामनभाऊ," ती म्हणाली, "भावाची चिंता करू नका. तुमी दिवाळीत मागतला होता ना, तोच देते."

शांतता.

"बरं, त्याच्याहून वर देते."

शांतता. निखत आईकडे पाहतच राहिली. अम्मी आपणहून भाव वाढवते आहे, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"अजून वाढवू का, भाऊ?"

पलीकडचा श्वास जोरात व्हायला लागला. रागावलेल्या माणसाचा होतो तसा. तेव्हा कुठे रजियाबीच्या डोक्यात उजेड पडला. हा दयेचा भाव होता, आणि वामनराव तो घेणार नव्हते.

तिने पदराने डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढलं.

"तर मंग ऐका! कालची तुमची शेवंती बकरीच्या पुढं टाकली असती, तर बकरीनं तोंड फिरवलं असतं. अन् तुमचा पोरगा मले लिहिते, लावान तो भाव मान्य! हेच शिकवलं का त्याले? असा धंदा करते का कोणी?" आणि तिने असा पडेल भाव सांगितला, की पानवाल्यानेसुद्धा जीभ चावली.

शांतता.

"काहून, नाई परवडत?" ती थोडी वर सरकली. "आता याच्यावर एक छदाम नाई देणार. पाहा बाप्पा, नाई तर ठेवते फोन!"

टक टक.

हळू, जरा अडखळत, पण तीच तांब्याची अंगठी.

थोड्या वेळाने पार्बताबाईंचा आवाज आला. रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. "बाई, दवाखान्यातून घरी आले, त्याच दिवशी यायनं खुणेनं अंगठी डाव्या हातात घालाले लावली. तवापासून फोनजवळच बसून राहतेत. काहून, ते मले आता समजलं."

रजियाबीने रिसीव्हर जागेवर ठेवला. निखतने हळूच विचारलं, "अम्मी, आजचा मेल करू?"

"कर," ती म्हणाली. "पण भाव उद्यापासून मी फोनवरच ठरवीन."